टेकडी छोटी, ओल मोठी

समुद्रसपाटीपासून पुण्याची उंची साधारण ५६० मीटर. डब्लिनच्या दक्षिणेला मॉन्टपेलिअर नावाची एक टेकडी आहे. माथ्यावरच्या पडक्या शिकारघरामुळे सगळे तिला ‘हेल फायर क्लब’ म्हणूनच ओळखतात. तिचा माथा ३८३ मीटरवर. म्हणजे सदाशिव पेठेत तळमजल्यावर पेपर वाचत बसलेला माणूस त्या माथ्यावर पोचलेल्या माणसापेक्षा पावणेदोनशे मीटर उंचावर असतो. अख्ख्या आयर्लंडातलं सर्वांत उंच शिखर कॅरनटूल, तेही १,०३८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. नोकरीनिमित्त डब्लिन, कॉर्क, गॉलवेला राहणारी मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहायला येणारे आई-वडील हे आकडे बघतात आणि हसतात. राजगड, हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला ही कसली टेकडी! मग जीन्स, कॅनव्हासचे बूट आणि हातात पाण्याची बाटली एवढ्यावर निघायचं ठरतं. चूक इथेच होते. सह्याद्रीत उंची हे माप बऱ्यापैकी उपयोगी पडतं, कारण तिथे दम काढतो तो चढ. आयर्लंडातल्या झाडीने भरलेल्या छोट्या टेकडीवर दम काढते ती ओल. ती हवेत असते, मातीत असते, कपड्यांत शिरते आणि झाडांच्या मुळांशी साचून राहते. बूट कोणते घालावेत, वाट कोणती धरावी, किती वाजता निघावं, कधी जाऊच नये, या प्रश्नांची उत्तरं उंचीवरून काढलीत तर चुकतील. ओलीवरून काढलीत तर सहसा बरोबर येतील.

यावर पहिला आक्षेप मुंबईकर घेणार. आम्हाला पाऊस शिकवता? मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डब्लिनमध्ये जेमतेम साडेसातशे. आकडे खरे आहेत, पण त्यांची वाटणी बघा. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. आयर्लंडचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. पूर्व किनाऱ्यावर वर्षातले सुमारे १५० दिवस आणि पश्चिमेच्या काही भागांत सुमारे २२५ दिवस निदान मिलिमीटरभर तरी पाऊस होतोच. ऊन तिरपं, हवा गार, त्यामुळे पडलेल्या पाण्याला उडून जायची घाई नसते. आपल्याकडे दिवाळी उलटली की गडाच्या वाटेवर फुफाटा उडायला लागतो. तिथल्या टेकड्यांच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी पीट असतं, म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे पुरतं न कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हजारो वर्षांचा काळा थर. मूठभर घेऊन पिळला तर बोटांतून पाणी गळतं. तेव्हा ‘पावसाळा संपला, आता जाऊ या’ हे वाक्य तिथे बोलायची सोयच नाही. आणि ‘आज पाऊस सांगितलाय, राहू दे’ हेही नाही. मोबाइलवर ढगाचं चित्र बघून बेत रद्द करणारा माणूस तिथे वर्षभर घरात बसेल. रिमझिम पावसात झाडीतली टेकडी ही उलट चांगली जागा, कारण अर्धा पाऊस वरच्या फांद्याच झेलतात. बेत रद्द करायचा तो वाऱ्यासाठी.

वाऱ्याचा आणि ओलीचा संबंध जुळतो तो झाडांच्या मुळांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडात जेमतेम टक्काभर जमिनीवर जंगल उरलं होतं. आज ते अकरा-बारा टक्क्यांवर आलं आहे आणि त्यातला निम्म्याच्या जवळचा हिस्सा एकट्या सिटका स्प्रूसचा आहे. हा सूचिपर्णी वृक्ष मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, पावसाला सरावलेला आणि भराभर वाढणारा. शेतीला नकोशी झालेली डोंगराकडची ओली, निकस जमीन त्याच्या वाट्याला आली. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती खोल न जाता परातीसारखी पसरतात. वर पंचवीस मीटरचं खोड आणि खाली उथळ परात, अशी ती उभी राहण्याची तऱ्हा. २४ जानेवारी २०२५ रोजी एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेड इथे ताशी १८० किलोमीटरच्या वरचा झोत नोंदवला गेला. त्या दिवशी हजारो हेक्टर झाडी आडवी झाली आणि कित्येक वनवाटा नंतर बंद ठेवाव्या लागल्या. मेट एरिन ही तिथली हवामानसंस्था पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. नारिंगी आणि लाल इशाऱ्यात झाडीत जाऊ नये हे सांगायला नको. पण वाऱ्याचा पिवळा इशारा असला तरी जंगल सोडून समुद्रकाठचं फिरणं किंवा गावातली बाग बरी. वादळानंतरचा पहिला निरभ्र रविवार फसवा असतो, कारण अर्धवट उपटलेली झाडं शेजारच्या झाडावर टेकून राहिलेली असतात आणि ती कधी सुटतील याचा नेम नसतो. लाकूडतोडीची पाटी लावून वाट बंद केली असेल तर यंत्र दिसत नाही, माणूस दिसत नाही म्हणून आत शिरू नका. रचलेल्या ओंडक्यांच्या ढिगावर मुलांना चढवून फोटो काढण्याचा मोह तर अजिबात नको. ओली साल सुटली की वरचा ओंडका खाली यायला हाताचा धक्काही पुरतो.

आता वाट. अशा टेकडीवर सहसा दोन तऱ्हेच्या वाटा असतात. एक, वळसे घेत चढणारा खडीचा रस्ता आणि दुसरी, नाकासमोर वर जाणारी, लोकांनी चालून चालून पाडलेली आडवाट. पहिली लांब आणि कंटाळवाणी वाटते, दुसरी आपल्या सवयीची. गडावर आपण नेहमी दुसरीच धरतो. इथे पहिली धरा असं माझं ठाम सांगणं आहे, कारण तो रस्ता लाकडाचे ट्रक जावेत म्हणून खडी दाबून, कडेला चर खणून बांधलेला असतो. टेकडीवर पाण्याचा निचरा करायची तजवीज फक्त तिथेच केलेली असते. आडवाटेवर निचरा करणारं काही नसतं. ती स्वतःच ओढा होते. जवळून बघितलं तर हे लगेच कळतं. हजारो बुटांनी वरची माती घासून नेल्यामुळे झाडांची मुळं उघडी पडलेली असतात, मनगटाएवढी जाड, साल निघून गुळगुळीत झालेली, उतारावर आडवी-तिरकी. पाऊस पडला की त्यांच्यावर एक बारीक हिरवट बुळबुळीत थर चढतो. शरद ऋतूत त्यावर बीचची तांबूस पानं पडतात आणि मूळ कुठे, माती कुठे हे दिसेनासं होतं. पाय मुळावर पडला, तोही मुळाच्या लांबीच्या दिशेने, की माणूस बसलाच. चढताना तोल पुढे असतो म्हणून निभावतं. घसरतात ते उतरताना. मुळावर पाय न देता ते ओलांडून पलीकडे पाय टाकायचा, आणि ओल्या लाकडी फळ्यांवर, त्यांना तारेची जाळी ठोकलेली नसेल तर, पाऊल सपाट आणि छोटं ठेवायचं.

‘पण आडवाट निम्मी आहे, वेळ वाचतो’ असं कोणी म्हणेल. हिशेब करून बघू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा ठोकताळा मांडला, तो आजही वापरात आहे. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. साधारण पाच किलोमीटरचा फेरा आणि दीडशे मीटर चढ असेल, तर चालण्याचा एक तास आणि चढाची जेमतेम पंधरा मिनिटं. बघा, ज्या चढाच्या आकड्यावरून आपण टेकडीला हसलो किंवा घाबरलो, त्याचा वाटा पाव तासाचा. बाकीचा वेळ ठरतो पायाखालच्या जमिनीवर. खडीच्या रस्त्याने सव्वा तासाचा हिशेब खरा ठरेल. चिखलाच्या आडवाटेने अंतर निम्मं झालं तरी प्रत्येक पाऊल तपासत टाकावं लागतं आणि गुडघे दुखत असलेल्या माणसाला उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागतो. आई-वडील, लहान मुलं, फोटो, माथ्यावरचा चहा धरून घरून निघताना अडीच तास मोकळे ठेवा. आणि एक गोष्ट, जी आपल्याला उलटी वाटेल. वाटेत चिखलाचं डबकं आलं तर त्याला वळसा घालू नका, त्यातूनच जा. प्रत्येक जण कडेने गेला की कडेचं गवत तुडवलं जातं, तिथेही चिखल होतो, पुढचा आणखी बाहेरून जातो आणि दोन फुटांची वाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. क्रो पॅट्रिकसारख्या यात्रेच्या डोंगरावर वाटेची इतकी झीज झाली की दगड रचून ती नव्याने बांधावी लागली. डबक्यातून जायचं तर बूट तसे हवेत, हे ओघाने आलंच. घोट्यापर्यंतचे, खाचेदार तळव्याचे, पाणी आत न घेणारे. मोज्यांचा एक जोड सॅकमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत.

कपड्यांबाबत आपला पावसाळी अनुभव दिशाभूल करतो. आपण भिजायला घाबरत नाही, कारण आपला पाऊस कोमट असतो. भिजलो तर कांदाभजी खातो. तिथे आठ-नऊ अंशांचं तापमान आणि वारा असेल, तर भिजणं म्हणजे अंगातली ऊब वाहून जाणं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेतं. सुती कापड, आणि त्यात जीन्स सर्वांत आधी, पाणी धरून बसतं आणि अंगाला चिकटतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते, म्हणून आजोबांचा जुना लोकरी स्वेटर नातवाच्या महागड्या सुती हुडीपेक्षा तिथे शहाणा. आत घाम शोषून बाहेर टाकणारा बनियन, वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यावर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जाकीट, पायात लवकर वाळणारी पँट. छत्री गाडीत ठेवा. झाडी संपली की वारा ती उलटी करतो. माकडटोपीची चेष्टा करणाऱ्यांनी माथ्यावर पोचेपर्यंत थांबावं. झाडांच्या आत हवा स्थिर असते, घाम येतो, माणूस जाकीट काढून कमरेला बांधतो, आणि झाडांची शेवटची रांग ओलांडली की अंगावर थेट वारा येतो. जाकीट त्या शेवटच्या रांगेच्या आतच घालायचं, बाहेर येऊन कुडकुडल्यावर नव्हे.

दिवसाच्या उजेडाकडे मात्र आपण हमखास दुर्लक्ष करतो, कारण आपल्याकडे तो वर्षभर फारसा बदलत नाही. डब्लिन ५३ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून तेरा अंशांच्या आसपासच असतो. स्प्रूसच्या दाट लागवडीत तर तीनलाच तिन्हीसांज होते. जेवून, वामकुक्षी करून निघायची आपली रविवारची पद्धत हिवाळ्यात सोडून द्यावी. सकाळी दहाला निघावं आणि डोक्याला बांधायचा दिवा तरीही सोबत असावा. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत टिकतो, पण वाहनतळाच्या फाटकाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. बंद होण्याची वेळ पाटीवर लिहिलेली असते. निघताना तिचा फोटो काढून ठेवा. गाडीत सामान दिसेल असं ठेवू नका, डोंगराकडच्या वाहनतळांवर काचा फुटतात. अपघात झालाच तर ११२ किंवा ९९९ वर फोन करून डोंगरातली मदत हवी असं सांगायचं. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, ती पोचायला वेळ लागतो, तोवर बसलेल्या माणसाला गरम ठेवणं हे तुमचं काम.

मालकीचा मुद्दा थोडक्यात, पण तो टाळता येत नाही. स्कॉटलंडसारखा कुठेही मोकळं हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क आयर्लंडात नाही. टेकडीचा बराच भाग खासगी शेतकऱ्यांचा असतो आणि लोक तिथे चालतात ते मालकाच्या संमतीने किंवा तो कानाडोळा करतो म्हणून. झाडीच्या टेकड्या नवख्या माणसाला सोयीच्या पडतात त्या यामुळेच. १९८९ मध्ये स्थापन झालेली क्वील्चे ही सरकारी मालकीची वनकंपनी देशातल्या सुमारे सात टक्के जमिनीचा कारभार बघते आणि चालायला येणाऱ्यांना ती जंगलं साधारणपणे खुली ठेवते. रंगीत बाणांच्या खुणा लावलेल्या वाटा तिच्याच. बाण जिथे संपतात, कुंपण लागतं, मेंढ्या दिसतात, तिथे परवानगीचा प्रश्न सुरू होतो. फाटक जसं असेल तसं सोडायचं; उघडं असेल तर ‘कोण विसरलं’ म्हणून लावून घ्यायचं नाही. संत्र्या-केळ्याची सालं ‘कुजतील की’ म्हणून झुडपात टाकू नका. त्या थंड, ओल्या मातीत कुजायला फार वेळ लागतो, पीटवर तर आणखी.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे. एवढी काळजी घेऊन बघायचं काय, एकाच जातीच्या झाडांच्या रांगा? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. स्प्रूसच्या दाट लागवडीत तळाशी काही उगवत नाही, पाखरं फारशी ऐकू येत नाहीत आणि दहा मिनिटांनी नजर थकते. पण छोट्या टेकडीवर लागवड एकसंध क्वचितच असते. जुन्या जमीनदारांच्या इस्टेटींतले बीच, ओढ्याकाठचा अ‍ॅश, कडेकडेने हॉली हे सगळं मध्ये मध्ये येतं. एप्रिलच्या शेवटी बीचची पानं पुरती फुटायच्या आत जमिनीवर ब्लूबेल फुलतात. सावली दाटली की त्यांचा हंगाम संपला. झाडीच्या वरच्या कडेला गॉर्सची पिवळीधमक काटेरी झुडपं. काटे सांभाळून नाक जवळ नेलं तर वास येतो चक्क ओल्या खोबऱ्याचा. कोकणातल्या माणसाने हा वास डब्लिनच्या डोंगरात घ्यावा, यासाठी तरी एकदा जावंच. जुलै-ऑगस्टात गुडघाभर झुडपांना फ्रॉहन नावाची काळी-निळी बोरं लागतात आणि करवंदांसारखीच जीभ रंगवून सोडतात. पण ओळखणारं कोणी सोबत असेल तरच तोंडात घाला. मॉन्टपेलिअरच्या माथ्यावरचं शिकारघर विल्यम कॉनोली या आयरिश संसदेच्या अध्यक्षाने १७२५ च्या सुमारास बांधलं. जवळच्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्याचे दगड त्यात वापरले, म्हणून सैतानाने वादळ पाठवून छप्पर उडवलं अशी दंतकथा आहे. नंतर घातलेली दगडी कमानीची छतं अजून टिकून आहेत. २०१६ मध्ये शेजारी उत्खनन झालं तेव्हा ते प्राचीन थडगं खरोखरच तिथे होतं हे दिसून आलं. समोर डब्लिनचा उपसागर आणि पूलबेग वीजकेंद्राच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन चिमण्या. ढग खाली उतरला असेल तर यातलं काहीच दिसत नाही, फक्त ओल्या दगडांचा वास येतो, तोही वाईट नाही.

कोणी विचारेल, मग थेट क्रो पॅट्रिक किंवा कॅरनटूललाच का जाऊ नये, दोन दिवसांत सगळं उरकेल. माझ्या मते तसं करू नये, कारण त्या डोंगरांवर जी ओल, जो वारा आणि जे धुकं चुकीला वाव देत नाहीत, तेच इथे मऊ रूपात भेटतात, आणि इथे वाहनतळ अर्ध्या तासावर असतो. स्लायगोजवळचं ३२७ मीटरचं नॉकनरे ही पुढची चांगली पायरी आहे. तिथे झाडीतून लाकडी फळ्यांच्या वाटेने वर गेलं की माथ्यावर दंतकथेतल्या राणी मेव्हचं म्हणून ओळखलं जाणारं दहा मीटर उंचीचं दगडांचं स्मारक लागतं. त्याच्या पायथ्याशी थांबायचं, त्यावर चढायचं नाही, दगड ढासळतात. वेस्टमीथमधलं मुलाघमीन बीचच्या जंगलासाठी आणि वयस्कर पायांसाठी. ते त्या काउंटीचं सर्वोच्च ठिकाण असूनही उंची जेमतेम २६० मीटर.

परतल्यावर दोन कामं उरतात. आयर्लंडात साप नाहीत, त्यामुळे गवतात पाय टाकताना आपल्याला जी भीती वाटते ती सोडून द्या आणि तिच्या जागी गोचीड धरा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ओलसर नेच्यांत आणि उंच गवतात ती दबा धरून असते आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यांत खोचून चालायचं, घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या घडीत, मुलांच्या केसांच्या कडेला नीट बघायचं. सापडली तर तेल, तूप, रॉकेल काही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या महिन्याभरात तिथे पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावल्याचं सांगा. दुसरं काम बुटांचं. चिखल धुवा, आतला तळवा काढून वेगळा ठेवा, बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर तीन-चार तासांनी बदला. रेडिएटरवर ठेवू नका. चामडं तडकतं, सोल सुटतो, आणि पुढच्या रविवारी पाणी नेमकं तिथूनच आत येतं.